कामगाराचे 'नाही' आणि मालकाची जबाबदारी



या पानावर आपण बहुधा मालाचे भाव, उधारीची वसुली, कर आणि बँकेचे कर्ज यांविषयी वाचतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण धंद्याबाहेरचा नाही. आपल्या दुकानात, कारखान्यात, शेतावर जो माणूस मजुरीवर काम करतो, तो एखाद्या दिवशी म्हणतो, "शेठ, हे मला जमणार नाही." त्या वेळी आपण काय करतो? त्याचे ऐकतो, की त्याला कामचोर म्हणतो? आणि तोच प्रश्न उलट बाजूने: आपण स्वतः मजूर किंवा कारागीर असलो आणि जिवावरचे काम सांगितले गेले, तर नकार देण्याचा आपल्याला हक्क आहे काय? या दोन प्रश्नांचा आज अभ्यास करू.

सोनपेठची आठवण

आपल्याच परभणी जिल्ह्यातील घटना आहे. ११ मे २०२३ रोजी सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा शिवारात एका शेतातील शौचालयाची टाकी उपसण्याचे काम चालू होते. त्या टाकीत गुदमरून पाच मजूर मरण पावले. सहाव्याला दवाखान्यात न्यावे लागले. मेलेल्यांमध्ये एकमेकांचे नातेवाईक होते, तरणीताठी पोरे होती. सारे आपल्या समाजातील कष्टकरी. आमचे जिंतूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आणि सोनपेठ दक्षिणेला, तरी ती बातमी आमच्या बाजारात पोहोचली तेव्हा दुकानादुकानांत तिचीच चर्चा होती. लोक हळहळले, दुआ केली आणि चार दिवसांनी विसरले.

विसरण्यासारखी ती गोष्ट नव्हती. टाकीत उतरणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसते. मैला कुजून त्यात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून लोक समजतात की वास आला तर धोका, वास नाही तर धोका नाही. प्रत्यक्षात उलटे घडते. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभर भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मंदावते. हजार भागांच्या आसपास माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. मैला ढवळला की तो एकदम मोकळा होतो. शिवाय बंद टाकीत प्राणवायू कमी झालेला असतो. तोंडाला ओला रुमाल बांधून यातले काहीच अडत नाही. मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी रीत तर आणखी घातक आहे, कारण टाकीत मिथेन असतो आणि तो पेट घेतो.

अशा घटनांत एकामागून एक माणसे का मरतात, त्याचे कारणही समजून घ्या. पहिला कोसळतो, वरचा माणूस त्याला काढायला उतरतो, तोही कोसळतो. बाप लेकासाठी उतरतो, भाऊ भावासाठी उतरतो. माया खरी असते, पण वायूला माया कळत नाही. म्हणून पहिला धडा हा: आत कोणी पडला तर स्वतः उतरू नका. वरून झाकणे उघडा, दोर टाका, लोकांना लांब ठेवा आणि ११२, १०१ किंवा १०८ या क्रमांकांवर ताबडतोब कळवा.

ताकदीबाहेरचे काम म्हणजे नेमके काय?

टाकी हे टोकाचे उदाहरण झाले. आपल्या रोजच्या धंद्यात ताकदीबाहेरची कामे तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार अंगबळाचा. गाठ, पोते, बीम किंवा यंत्राचा भाग एका माणसाच्या पेलण्यापलीकडचा असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्याविषयी केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही वरची मर्यादा सांगितली आहे. आपल्या बाजारात शंभर किलोचे पोते पाठीवर घेणारा हमाल आपण शाबासकीच्या नजरेने पाहतो. चाळिशीनंतर त्याच्या पाठीचे काय होते, ते मात्र कोणी पाहत नाही.

दुसरा प्रकार हुनराचा. अंगात बळ आहे, पण ते काम शिकलेले नाही. कपड्याच्या दुकानातील पोराला सांगतात, "जा, डीपीवर फ्यूज टाकून ये." ईदच्या किंवा दिवाळीच्या सेलचा लोखंडी फ्रेमचा बोर्ड लावायला त्याला दुकानाच्या छतावर चढवतात. समोरून ११ केव्हीची तार गेलेली असते आणि फ्रेम तिच्या जवळ गेली तर काय होते, हे त्याला ठाऊक नसते. पोरगा उंच आहे, चपळ आहे, पण तो वायरमन नाही. विजेचे काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडून आणि जाणकाराच्या देखरेखीखाली करून घ्यायचे असते.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या आपल्या कापडाच्या गावांत सायझिंगचे बॉयलर आहेत. बॉयलरवरचा अटेंडंट प्रमाणपत्र असलेला लागतो, हा नियम जुना आहे. तो गावाला गेला म्हणून त्या दिवशी बॉयलर कोणा नवख्याच्या हाती देणे हा याच प्रकारात मोडतो.

तिसरा प्रकार साधनांचा. माणूस बळकट आहे, शिकलेला आहे, पण त्याला शिडी मोडकी दिली, पट्टा दिला नाही, हातमोजे दिले नाहीत, यंत्राची जाळी काढून ठेवली. चांगला कारागीरसुद्धा वाईट साधनाने मरतो.

या तिन्हींपैकी एकही उणीव असेल तर कामगाराने "नाही" म्हणणे हा आळस नाही. ती मालकाला मिळालेली माहिती आहे, आणि फुकट मिळालेली आहे.

माझ्या दुकानातील एक दिवस

दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी स्वतःचा हिशेब सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजानचे शेवटचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माल माळ्यावर होता. खाली कापड संपत आले, म्हणून मी दुकानातील एका पोराला म्हणालो, "वरचा गठ्ठा घेऊन ये." तो एकोणीस-वीस वर्षांचा. त्याने वर पाहिले आणि म्हणाला, "चाचा, एकट्याने नाही जमणार. कोणाला तरी सोबत द्या." गिऱ्हाईक समोर बसलेले. मला ते अपमानासारखे वाटले. मी म्हणालो, "जवान पोरगा आहेस, लाज नाही वाटत?"

तो काही बोलला नाही. वर गेला. उतरताना शिडी सरकली. गठ्ठा आधी आला आणि पोरगा त्याच्या मागे. उजव्या हाताचे मनगट मोडले.

तो संध्याकाळी एका उस्ताद टेलरकडे कटिंग शिकत होता. मनगट बसले, पण वाकडे बसले. कात्री धरली की हात थरथरायचा. त्याचे ते हुनर तिथेच संपले. मी दवाखान्याचा खर्च केला, दोन महिन्यांचा पगार दिला, ईदला कपडे दिले. लोक म्हणाले, शेठने मोठे मन दाखवले. मलाही तसेच वाटत होते.

पुढे एकदा दुसऱ्याच कामासाठी वकिलाकडे बसलो असताना कामगारांच्या नुकसानभरपाईचा विषय निघाला. ते ऐकून मान खाली गेली. मी ज्याला सदका समजत होतो, ते माझ्यावरचे कर्ज होते. आणि कर्जाची थोडी रक्कम देऊन मी शाबासकी घेतली होती. कायद्याच्या यादीत माझे दुकान बसो न बसो, दाव्याची मुदत टळो न टळो, त्याचा हक्क तर माझ्याकडेच राहिला होता. मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या वडिलांसमोर हिशेब मांडला आणि हप्त्यांनी तो चुकता केला. पैसे फिटले. मनगट फिटले नाही.

कायदा काय सांगतो?

आता कायद्याचा अभ्यास करू. कायद्याचे नाव ऐकून व्यापारी घाबरतो, पण यातील बऱ्याच गोष्टी साध्या शहाणपणाच्या आहेत.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात या गोष्टी फार पूर्वीच लिहिल्या गेल्या होत्या. कलम ३४ म्हणत होते की, इजा होईल इतके जड ओझे कोणाही माणसाकडून उचलून घेऊ नये. कलम २२ प्रमाणे चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करायचे तर ते खास शिकवलेल्या, अंगासरशी कपडे घातलेल्या प्रौढ कामगारानेच करायचे. लुंगी, सैल सदरा, गळ्यातील गमछा पट्ट्यात अडकून किती जण गेले असतील, हे मागवाले जाणतात. कलम ३६ टाकी, खड्डा, हौद यांविषयी होते: आतील हवा तपासून जाणकाराने लेखी दाखला दिल्याशिवाय आत उतरायचे नाही, नाहीतर श्वासाचे यंत्र लावून, कमरेला दोर बांधून आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात देऊन उतरायचे.

मग २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळची वायुगळती झाली. त्यानंतर १९८७ साली या कायद्यात नवा भाग जोडला गेला. त्यातील कलम ४१-एच ने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतील कामगारांना प्रथमच स्पष्ट हक्क दिला: जिवाला धोका आहे अशी वाजवी भीती वाटली तर मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवण्याचा.

आज तो १९४८ चा कायदा राहिलेला नाही. त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची २०२० ची संहिता आली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितेचे कलम १४ प्रत्येक कामगाराने आणि मालकाने समजून घ्यावे असे आहे. त्याचा आशय असा:

कामगाराला आपल्या आरोग्य आणि सुरक्षिततेसंबंधी माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क आहे. गंभीर इजा, मृत्यू किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे अशी वाजवी भीती वाटत असेल तर तो मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो. मालकाला ते पटले तर त्याने लगेच उपाय केला पाहिजे. पटले नाही तरी त्याला गप्प बसता येत नाही. प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावेच लागते आणि निरीक्षकाचा निर्णय अंतिम असतो.

जुन्या कायद्यात हा हक्क केवळ धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरता होता. आता तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योग-व्यापारालाही आहे. जिवाला धोका असलेल्या कामांच्या बाबतीत तर एकच मजूर असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे कलम म्हणजे मनाला येईल तेव्हा काम सोडून घरी जाण्याचा परवाना नाही. भीती वाजवी असली पाहिजे आणि ती कळवली पाहिजे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शिस्तभंग कशाला म्हणायचे? कायदेशीर आणि वाजवी हुकूम जाणूनबुजून न पाळणे, याला. जो हुकूम कायदेशीर नाही किंवा वाजवी नाही, तो न पाळणे म्हणजे बेशिस्त नव्हे. जगाचा कलही तिकडेच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात म्हटले आहे की, तातडीच्या आणि गंभीर धोक्याच्या वाजवी समजुतीने जो कामगार कामावरून बाजूला होतो, त्याला त्याची शिक्षा होऊ नये. जून २०२२ मध्ये संघटनेने हा करार आपल्या मूलभूत करारांत घेतला.

टाकीचा कायदा सर्वांना लागू

टाकी आणि गटार यांच्यासाठी वेगळा आणि कडक कायदा आहे. तो २०१३ चा असून ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आहे. मैला हाताने उचलण्याची प्रथा बंद करणारा हाच तो कायदा. त्याच्या कलम ७ प्रमाणे संरक्षक साधने न देता आणि खबरदारी न घेता कोणालाही गटारात किंवा शौचालयाच्या टाकीत सफाईसाठी उतरवणे हा गुन्हा आहे. येथे दहा कामगारांची अट नाही. घरमालक असो, शेतकरी असो, दुकानदार असो की ठेकेदार, सर्वांना तो लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात अशा मृत्यूंसाठी प्रत्येकी १० लाख रुपये देण्यास सांगितले होते. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका खाजगी सोसायटीच्या टाकीत तीन मजूर मरण पावले. त्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्या विधवांना ही रक्कम देण्याचा सरकारला आदेश दिला आणि जबाबदार असलेल्यांकडून ती वसूल करण्याची मुभा ठेवली. म्हणजे जागा खाजगी, ठेकेदार खाजगी, असे म्हणून सुटका होत नाही. सोनपेठच्या घटनेनंतर पाच महिन्यांनी, २० ऑक्टोबर २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली.

याखेरीज निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर फौजदारी गुन्हा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती.

"तो स्वतःच तयार झाला होता"

अपघात झाला की मालकाच्या तोंडी पहिले वाक्य हेच असते: "मी कुठे जबरदस्ती केली? तो स्वतःच तयार झाला होता." बंधूंनो, हे वाक्य कायद्यात टिकत नाही आणि विवेकातही टिकत नाही.

कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्यातील तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. तत्त्व तेच आहे: काम करताना आणि कामामुळे इजा झाली तर मालक भरपाईला बांधील आहे, मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. सुटकेची कारणे मोजकी आहेत. कामगार नशेत होता, त्याने सुरक्षिततेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकले, अशी. आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ही कारणेही चालत नाहीत. "तो तयार होता" हे कारण या यादीत कुठेच नाही.

आपण व्यापारी आहोत, आकड्यांत बोलू. समजा कामगाराचे वय २५ आणि पगार महिना १२,००० रुपये. वयाप्रमाणे एक गुणक ठरलेला असतो. २५ वर्षांसाठी तो २१६.९१ आहे. मृत्यू झाला तर पगाराच्या ५० टक्के, म्हणजे ६,००० गुणिले २१६.९१. रक्कम झाली १३,०१,४६० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ६० टक्के, म्हणजे ७,२०० गुणिले २१६.९१. रक्कम झाली १५,६१,७५२ रुपये. यंत्रात एक अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरतात, म्हणजे सुमारे ४,६८,५२६ रुपये. महिन्याच्या आत दिले नाही तर वर १२ टक्के व्याज आणि दंड वेगळा. जेथे ईएसआय लागू आहे तेथे ही जबाबदारी महामंडळाकडे जाते. जेथे नाही तेथे मालकाच्या गल्ल्यातून.

आता तुलना करा. टाकी उपसण्याची यंत्राची गाडी बोलावण्याचा खर्च किती? बोर्ड लावायला वायरमनची मजुरी किती? माळ्यावरून गठ्ठा उतरवायला दुसऱ्या माणसाची दहा मिनिटे किती रुपयांची? आपण शे-पाचशे, दोन-चार हजार वाचवायला जातो आणि एका घराची भाकरी घालवतो.

विवेकाची गोष्टही सांगतो. भुकेल्या माणसाचा होकार हा पूर्ण होकार नसतो. नाही म्हटले तर उद्या काम मिळणार नाही, ही भीती त्याच्या होकारात मिसळलेली असते. आपल्या दीनने ही बाब चौदाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहे. हजरत अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेल्या आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेल्या हदीसचा आशय सर्वांना माहीत आहे: हाताखालच्या माणसांवर त्यांच्या ताकदीपलीकडचा भार टाकू नये, आणि टाकावाच लागला तर स्वतः हात लावावा. जुमाच्या खुतब्यात आपण हे ऐकतो. सोमवारी दुकान उघडल्यावर किती जण आठवतो?

कामगार आणि कारागिरांसाठी

१. जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगा. यात इज्जत जात नाही. खोटे धाडस दाखवून हात गमावला तर मात्र उभे आयुष्य जाते.

२. नुसते "नाही" म्हणू नका, कारण सांगा आणि उपाय सांगा. "शेठ, शिडी सरकते, एक माणूस धरायला द्या, मग उतरवतो." असे बोलणाऱ्याला कामचोर म्हणणे मालकाला जड जाते.

३. शक्य असेल तर साक्षीदारासमोर सांगा. धोका कायमचा असेल तर दोन ओळी लिहून द्या आणि एक प्रत, नाहीतर मोबाइलवरचा फोटो, स्वतःकडे ठेवा. लिहिता येत नसेल तर मशिदीतील, मोहल्ल्यातील शिकलेल्या पोराकडून लिहून घ्या.

४. ऐकले गेले नाही तर सरकारी कामगार कार्यालयात किंवा कारखान्यांच्या सुरक्षा निरीक्षकाकडे जा. परभणीला जायला एक दिवस मोडेल, पण मोडू द्या.

५. इजा झाली तर दवाखान्यात "घरी पडलो" असे सांगू नका. कामावर पडलो तर कामावर असेच लिहून घ्या. दवाखान्याचे कागद जपून ठेवा. भरपाईच्या दाव्याला सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत असते, ती पांघरूण घेऊन झोपण्यात घालवू नका.

६. टाकीत, जुन्या विहिरीत किंवा रंगाच्या हौदात कोणत्याही मजुरीवर साधनांशिवाय उतरू नका. जास्त मजुरी म्हणजे जास्त धोका, हे सूत्र लक्षात ठेवा.

मालकांसाठी

१. माणूस कामावर ठेवताना काम ठरवून घ्या. संहितेप्रमाणे नियुक्तीपत्र देणे आहेच. त्यात कामाचे स्वरूप लिहा. कुरआनात हजरत मूसा (अलै.) यांना कामावर ठेवणाऱ्या बुजुर्गाने मुदत आणि मोबदला आधी ठरवला आणि आपण तुला कष्टात टाकू इच्छित नाही, असे स्वतःहून सांगितले. करार असा करावा.

२. "जमणार नाही" हे शब्द कानावर आले की हातातले काम थांबवा आणि एक प्रश्न विचारा: "काय केले तर जमेल?" उत्तर बहुतेक वेळा फार स्वस्त असते.

३. गिऱ्हाइकासमोर किंवा इतर नोकरांसमोर कोणाच्या हिमतीची थट्टा करू नका. मर्दानगीचे टोमणे ऐकूनच पोरे शिडीवर चढतात. हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो.

४. नवख्या माणसाला जुन्या कारागिराच्या हाताखाली काही दिवस ठेवा. आपल्याकडे उस्ताद-शागिर्द ही रीत होतीच, ती मोडू देऊ नका.

५. वीज, बॉयलर, टाकी ही तीन कामे घरच्या नोकराला सांगायची नाहीत, असा नियम करून गल्ल्यामागे लिहून लावा.

६. नकार देणाऱ्याला कामावरून काढू नका. त्याला काढले की बाकीचे गप्प बसायला शिकतात. मग धोका तुम्हाला अपघातानंतरच कळतो.

स्वतःला विचारा

लेख वाचून झाल्यावर दुकानातील, कारखान्यातील मंडळी एकत्र बसून या चार प्रश्नांची उत्तरे काढावीत, अशी विनंती आहे.

आपल्याकडे असे कोणते काम आहे, जे करताना माणूस मनातून घाबरतो? गेल्या वर्षात कोणी "नाही" म्हटले होते काय, आणि त्याचे पुढे काय झाले? शिडी, वायरिंग, यंत्राची जाळी शेवटची केव्हा पाहिली? आणि तुमचा स्वतःचा मुलगा त्या जागी असता, तर तुम्ही त्याला वर चढू दिले असते काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत अवघड आहे. त्या रमजानात मी तो स्वतःला विचारला असता, तर आज एक चांगला कटिंग मास्टर जिंतूरच्या बाजारात बसलेला असता. तो अजूनही भेटतो. डाव्या हाताने सायकल धरतो, सलाम करतो, खुशाली विचारतो. कधी तक्रार केली नाही. त्याची तक्रार नाही म्हणूनच हा लेख लिहिला.

अल्लाह आपल्याला हाताखालच्या माणसांचे हक्क ओळखण्याची समज देवो आणि सोनपेठच्या त्या पाच जणांना आपल्या रहमतीत जागा देवो. आमीन.